आपल्या घराचं अरुंद दार

फुल्विओ,

चौकातलं तुझं भाषण आईने खिडकीतून ऐकलं. प्लेग आला, पोपचं सैन्य आलं, भूकंप झाला, जर्मन आले, पण आपल्या माणसांनी ही टेकडी सोडली नाही, असं म्हणालास. टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या. मग तू गाडीत बसून रोमला निघून गेलास. चौकापासून घर किती लांब होतं रे?

तुझ्या इतिहासात आपलं अरुंद दार नव्हतं. घरात कुणी गेलं की ते फोडून उघडतात, त्यातून फक्त शवपेटी निघते आणि त्याच दिवशी ते परत विटांनी बुजवतात, म्हणजे मरण परत शिरत नाही. प्लेगपासून सगळे त्यातून आडवे गेले. आजीची पेटी निघाली त्या संध्याकाळी बाबा तुला अडवायला मोठ्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि तू बॅग घेऊन, अजून बुजवायच्या राहिलेल्या त्या अरुंद दारातून उडी मारलीस. उभा गेलेला तू एकटाच.

आईने मग ते बुजवूच दिलं नाही. शेजारची ओर्तेन्सिया ओरडायची, "अगं बाई, मरणाला वाट मोकळी ठेवलीस!"

"मरणाला नाही, पोराला. गेला तसाच येईल."

मंगळवारी आई गेली. "मला मोठ्या दाराने न्या, अरुंद दार त्याचं आहे," म्हणाली होती. गाव कुजबुजलं, पण मी तसंच नेलं.

हे पत्र धाडणार नाही. आई आता इतिहासजमा झाली, म्हणजे तुझ्या कामाची झाली. कळेल तुला कुठूनतरी. आज गवंडी येऊन गेला. कधी आलासच, तर मोठ्या दाराने ये, पाहुण्यासारखी बेल वाजवून. तुझ्या दाराची मी भिंत केलीय.

तुझी बहीण,
एर्सिलिया