पहिली कळशी विहिरीला

६ फेब्रु. ९५
बाळकुमला पिंप बसवलं. जमनाकाकींच्या अंगणात, विहिरीला खेटून. मागच्या कारखान्याच्या कृपेने विहिरीला फिनेलसारखा वास; पाणी तोंडात घालवत नाही. पिंपात त्याच विहिरीचं पाणी, आणि त्यात आमची कार्टी. म्हणजे लॅबमध्ये नवं जनुक घालून वाढवलेले, हे विष खाणारे जंतू. अट कडक: जमिनीत थेंब नाही. विहिरीत सोडायची परवानगी दिल्लीत अडकलीय. पिंपाला कुलूप, किल्ली काकींकडे. लॅबचे सर म्हणाले, "बाई जबाबदार वाटतात."

१३ फेब्रु.
पिंपाचा वास गेला! सर चक्क हसले. काकी म्हणतात, "बावीन कदी टाकशील गो?" म्हटलं, विहिरीत सोडायचं ते दिल्लीचा कागद आल्यावर. "कागद काय पानी पितं?"

१९ फेब्रु.
काकींच्या लेकीची, मनीषाची हळद. जेवायच्या आधी सहज पिंप पाहिलं, तर निम्मं रिकामं. तशीच काकींकडे धावले.
काकी मात्र खुशीत. "नवरीचे डोक्याव घरचे बावीचाच पानी लागतं गो. बावीचा तं वास मारतं. तुझे पिंपान पन आमचे बावीचाच हाय ना?" बायकांनी गाणी म्हणत कळशा भरल्या, नवरीला न्हाऊ घातलं. उरलं ते तुळशीला. म्हणजे कार्टी मनीषाच्या केसांत आणि जमिनीतही. समोर मटण, तसंच ठेवून उठले.

२० फेब्रु.
सरांना सांगितलं. ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "दिल्लीला कळवावं लागेल. परवानगी विसरा." हे जंतू माणसाला काही करत नाहीत, हे मीच सगळ्यांना सांगत फिरते. आज मात्र पोरीला ताप आला तर, पुरळ उठलं तर, हेच डोक्यात. न्हाणीमागची आणि तुळशीतली माती तपासायला आणली.

२७ फेब्रु.
मनीषा माहेरी आलीय. ठणठणीत! मी तिचे दंड, मान निरखत बसले. "काय बघतस गो ताई, सोना?" गळ्यातच पडले तिच्या. रडले. डोंबिवलीला घरी परत येईपर्यंत मोकळं मोकळं वाटत होतं.

८ मार्च
मातीत कार्टी नाहीत!! बाकी जंतू मारणाऱ्या एका औषधाने ती मरत नाहीत, हीच त्यांची खूण. ते औषध घातलेल्या बश्यांवर माती पसरली होती, जंतूंचा एक ठिपका नाही. बाहेर टिकली नाहीत, लाडावलेली शेवटी. सरांनी चहा पाजला. "आपली कार्टी हरली ते बरं झालं."
रात्री भांडी घासताना सुचलं, बाहेर टिकत नाहीत तर विहिरीत काय दिवे लावणार?

१५ मार्च
काकींचा निरोप, लगेच ये. धावत गेले. त्यांनी विहिरीचं पाणी काढून नाकाशी धरलं. वास आहे, पण पुष्कळ कमी. कारखाना महिनाभर बंद आहे, त्यानेही असेल, म्हटलं.
"नाय गो. पयली कलशी बावीलाच दिलेली ना."
"कुठली कळशी?"
"हलदीची! बावीचा मान नको? तुझे पिंपानचीच."
तिथेच विहिरीच्या काठावर बसले. मातीच तेवढी तपासली, विहीर नाही. काकींना वाटलं मला चक्कर आली, लिंबूपाणी दिलं.
लॅबमध्ये येऊन विहिरीच्या पाण्याचा नमुना त्याच औषधाच्या बशीवर पसरून ठेवलाय. उद्या बघायचं. ठिपके आले तर सरांना तोंड कसं दाखवू? आणि नाही आले, तर काकींना?