समुद्रासमोरचा बाक

राजधानी,
ता. ९ जानेवारी

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

आई सुखरूप पोचली. इथे तिची अगदी चैन चालली आहे बघ. आमच्या इमारतीसमोरच समुद्रकाठचा नवा फिरायचा रस्ता झालाय. फरशी, दिवे, ओळीने बाक. सकाळी आम्ही दोघं कामावर निघालो की तीही खाली उतरते, ती संध्याकाळी आमच्याबरोबरच वर येते. दिवसभर बोटी बघते, माणसं बघते. तुझ्या शिलाई मशीनच्या खडखडाटाने कान किटले होते, म्हणाली. (थट्टा गं! लगेच फुगू नकोस.) ह्यांनाही आता तिची अडचण वाटत नाही.

पत्र टाकत जा, माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई

ता. २० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

थट्टा पुरे. आपला ट्रकवाला मामेभाऊ तिकडे माल उतरवून परवा परत आला. भर दुपारी त्याला आई बाकावर बसलेली दिसली. घरी सोडतो म्हणाला, तर म्हणाली, किल्ली जावईबापूंकडे असते. मी एकटी राहिले तर गॅस चालू ठेवीन, अशी त्यांना भीती वाटते. लघवीला जावं लागू नये म्हणून ती पाणीसुद्धा पीत नाही, ताई!

जिने आपलं हगणंमुतणं काढलं तिच्यावर ही वेळ? जनाची नाही, मनाची तरी लाज बाळग. जड झाली असेल तर तसं कळव. मी अजून जिवंत आहे.

रागावले तरी तुझीच,
छकुली

ता. २८ जानेवारी

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

तुझं म्हणणं एकदम पटलं. तुझ्याकडे जायचंय असं आईला सांगितलं, तर पिशवी भरून दाराशीच बसली. किती दिवसांनी हसली! पंधरा तारखेच्या बसमध्ये बसवून देते. स्टँडवर घ्यायला ये.

आशीर्वाद आहेतच, कमी पडले तर कळव.

ताई

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागाच्या भरात मी काहीबाही लिहिलं, ते पोटात घाल. आईला इतक्यात पाठवू नकोस. तिच्या खोलीत मी शिवणाचा क्लास सुरू केलाय. मशीन मांडल्यापासून मुंगी शिरायला जागा नाही. आणि खरं सांगू, समुद्राची हवा तिला मानवेल. इथे भिंतीकडे बघत पडण्यापेक्षा तिथे चार माणसं तरी दिसतात. मामेभाऊ मेला पहिल्यापासून तिखटमीठ लावणारा! चांगला झापला मी त्याला.

आईला म्हणावं, पुढे बघू. पिशवी तेवढी रिकामी करायला लाव, लुगडी चुरगळतात.

बाक सिमेंटचे आहेत म्हणे. म्हणून तिच्या इथल्या अंथरुणाचा कापूस काढून बसायला छोटीशी गादी शिवली आहे, पार्सलने धाडते. उरलेल्या कापसातून क्लासच्या मुलींनी टाचण्या खोचायच्या उशा केल्या. फार सुबक झाल्यात. तुलाही एक पाठवू का?

तुझ्या मायेची भुकेली,
छकुली