काजळीचं बी

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
१२ सप्टेंबर १९९६

चि. अंबा हिस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुला नागरी वाचता येत नाही, म्हणून आपली मराठी नेहमीप्रमाणे तमिळ अक्षरांत लिहितो आहे. आईला शेजारणीचं लुगडं नेसवल्यासारखं वाटतं. पण बहिणीशी बोलायचं तर दुसरा मार्ग नाही.

काल चिदंबर नावाचा मनुष्य आला होता. आपल्या विनुताच्या बंगळूरच्या संस्थेतला. नाहीशा होत चाललेल्या वाणांचं बी गोळा करतो म्हणे. कॉफी प्यायला, माझ्या तोंडून दोन श्लोक चालीवर ऐकले, मान डोलावली, आणि मग हळूच विचारलं की तुमच्या ओरत्तनाडूकडे काजळी भात अजून कोण पेरतं. तिथेच मला वास आला. नातवंडांना पैसे देऊ केले तरी ती एक श्लोक ऐकत नाहीत. हा दोन का ऐकेल? त्याच्या पिशवीवर परदेशी नाव छापलेलं, आत चांदीसारखी चकचकीत पाकिटं.

तिकडे अमेरिकेत हळदीवर हक्क लावून घेतल्याचं पेपरात आलं आहे. उद्या काजळीवर लावतील. टोकाला काजळाचा ठिपका ल्यालेली, गुडघाभर पाण्यात पंधरा दिवस उभी राहणारी ती साळ! तिच्या पेजेच्या वाफेत मी पहिली कविता पाठ केली. तमिळ शेजारीपाजारी तिला मै सांबा म्हणायचे, आता म्हणायलाही कुणी नाही. सगळ्यांनी बुटकं सरकारी भात घेतलं. उरली ती तुझ्या एका वाफ्यात.

तो तुझ्याकडे येणारच. ताक पाज, वाटेला लाव. दाणा देऊ नकोस.

माया होती तशीच घट्ट असू दे.
अण्णा

*

तंजावूर
२४ सप्टेंबर १९९६

चि. विनुता हिस आजोबाचे आशीर्वाद.

फोन करू नकोस. एसटीडी बूथचा राजगोपाल कान लावून ऐकतो, आणि मला तरी कुठे ऐकू येतं!

तुझ्या चिदंबराने डाव साधला. अंबाचं कार्ड आलं. नागरीत उतरवून देतो. मूळ कार्ड पुरावा म्हणून सोबत आहे, सांभाळ.

"ती. अण्णास नमस्कार. तुझा तो मनुष्य येऊन गेला. तू लिहिलास तितका वाईट दिसला नाही, तुझ्याहून कमी बोलतो. ओट्यावर बसून ताक प्यायला. त्याच्यापायी सगळं बी काढलं. घरात एक दाणा ठेवला नाही. कालव्याला पाणी नाही, पेरणी खोळंबली आहे. तू गोळ्या वेळेवर घेतोस की नाही? अंबा."

दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं. सगळं बी काढलं! मी इतकं बजावलं होतं. ही लहानपणापासून अशीच. कुणी गोड बोललं की ओच्यातल्या चिंचा देऊन मोकळी. पण शेवटचा दाणासुद्धा? काय भुरळ घातली असेल त्याने?

तुमच्या डायरेक्टरांना या नकलेसह रजिस्टर पत्र टाकलं आहे. तीस वर्षं शाळेत कविता शिकवली, तक्रार लिहायला कधी शिकलो नाही. तरी चोर हा शब्द तीन ठिकाणी घातला.

काजळी आपल्या दारी आहे हे त्याला सांगितलं कुणी? तूच ना? मग तूही यात आहेस का? असं विचारायला हात धजत नव्हता. विचारलं.

कळवशील तर बरं वाटेल.
आजोबा

*

बंगळूर
१६ ऑक्टोबर १९९६

ती. आजोबांस विनुताचा शि. सा. नमस्कार.

तीन आठवडे निलगिरीत होते. आज आले तर माझ्या टेबलावर तुमचं पत्र, आणि चिदंबर कोपऱ्यात पाकिटांना नंबर चिकटवत बसलेला. चौकशी होईपर्यंत त्याला गावांत जायला बंदी आहे. त्याच्या सगळ्या पिशव्या उघडून पाहिल्या. ओरत्तनाडूचं पाकीट निघालं. वर काजळी असं नाव, आत काही नाही. आजींनी ताक दिलं आणि बी संपलं म्हणाल्या, एवढंच तो सांगतो. कुणाला पटलं नाही, कारण समोर तुमची नक्कल होती.

मग मी मूळ कार्ड वाचलं. आजोबा, तमिळात क आणि ग यांना एकच अक्षर, ड आणि ढ यांनाही एकच. तुम्ही वाचलंत 'काढलं'. आजीने लिहिलं आहे 'गाडलं'. त्याच्यापायी सगळं बी गाडलं. तुम्ही देऊ नकोस म्हणालात, तिने जमिनीत पुरलं.

रागवायला आता सवड नाही. कोरडं बी वर्षानुवर्षं झोपून राहतं. ओल लागली की जागं होतं, आणि कोंडलेल्या जागी कुजून जातं. तुमच्याकडे पाऊस लागल्याचं बातम्यांत दाखवलं. यंदा चिदंबर एकवीस गावं हिंडला. म्हाताऱ्या माणसांनी त्याला बत्तीस वाणांची नावं सांगितली, बी मिळालं चारांचं. बाकीच्यांची नुसती नावं आहेत, तीही त्या माणसांबरोबर जातील. काजळी आणखी कुणाकडे असल्याचं आम्हाला ठाऊक नाही.

डायरेक्टरांना कार्ड दाखवलं. चिदंबर आजच्याच बसने निघतो आहे, हे पत्रही त्याच्याच हाती देते. त्याला आत घ्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: त्याला सांगितलं मीच, चोरीत मात्र नाही. तुम्ही विचारलंत, ते मनातून जायला वेळ लागेल.

तब्येतीला जपा, माझ्यासाठी.
विनुता

*

तंजावूर
२७ ऑक्टोबर १९९६

चि. विनुता हिस आशीर्वाद, स्वीकारशील तर.

अक्षर एकच होतं. त्यात काढणारा चोर मी पाहिला, कारण मला तोच हवा होता. ज्याने जन्मभर मुलांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले त्याने हे करावं!

चिदंबराबरोबर गावच्या बसने ओरत्तनाडूला गेलो. अंबाच्या कोल्लैत, म्हणजे परसात, घोट्याएवढं पाणी. तिने चिदंबराला दारातच उभं केलं. अण्णा हो म्हणेल तेव्हा जागा दाखवीन म्हणाली. हो म्हणायला मला वेळ लागला. तोवर तो पावसात भिजत होता.

केळीखालून मडकं निघालं. तोंड मातीने लिंपलेलं, पण अंगाला चीर गेली होती. तळाचं सगळं काळं पडलेलं, नाकाशी धरवेना. वरच्या थरात मात्र काही दाण्यांना पांढरे मोड फुटले होते. चिदंबराने केळीचं पान पसरून एकेक दाणा निवडला. त्रेसष्ट निघाले. हे आता पाकिटात घालून उपयोग नाही, आजच मातीत गेले पाहिजेत, म्हणाला, आणि चिखलात उतरला.

मी त्याच्या हातांकडे बघत होतो. खोटं कशाला लिहू, तेव्हासुद्धा. एखादा खिशात टाकतो का म्हणून. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने अंगातला सदरा काढून माझ्या हातात दिला. पेरणी संपेपर्यंत मी तो धरून उभा होतो.

डायरेक्टरांना दुसरं पत्र टाकलं. चोर शब्द तीनदा लिहिला होता, तीनदा मागे घेतला. पण एक शंका राहते, पोरी. बी साठवायच्या त्या तुमच्या थंड खोलीची किल्ली आणखी वीस वर्षांनी कुणाच्या हाती असेल?

राग ओसरला की दोन ओळी टाक.
आजोबा

*

ओरत्तनाडू
१८ फेब्रुवारी १९९७

ती. अण्णास अंबेचा नमस्कार.

काजळी कापली. त्रेसष्टांतली एकोणीस रोपं जगली. बाकीची काही पुरात गेली, काही खेकड्यांनी तोडली. सात मुठी बी आलं. उन्हात तीन दिवस वाळवलं, कावळे हाकत मी जवळच बसून होते.

चिदंबर आला होता. तुझी किल्लीची शंका मी त्याला तोंडावरच विचारली. ठाऊक नाही म्हणाला. विनुतालाही शपथ घेऊन सांगता यायचं नाही, म्हणाला. छातीठोक काही सांगितलं असतं तर ताकही दिलं नसतं. त्याला दोन मुठी दिल्या. तुला विचारलं नाही.

एक मूठ शेजारच्या शेषम्माला दिली. असलं उंच भात वाऱ्याला लोळतं म्हणून तिने नाक मुरडलं, पण पदरात बांधून घेतलं. एक कनकलता टीचरला दिली, एक पलीकडच्या सूर्यनारायणला. हळदकुंकू लावून सुपातून दिलं, आणि पुढच्या साली त्यांनी प्रत्येकी दोन घरांना बी द्यायचं असं कबूल करून घेतलं. नेणारा येऊ दे, अय्यो, किती दारं फोडेल बिचारा!

राहिल्या दोन मुठी. त्यातली एक तुला पाठवायची म्हणून पुडी बांधली होती, ती परत सोडली. तू ती ट्रंकेत घालून कुलूप लावशील, आणि रोज उघडून कुणी नेली का बघशील. दोन्ही मुठी वाफ्यात घालीन. आवणी महिन्यात, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, पेरणी आहे, धोतर वर खोचून ये.

चिडलास तरी येच.
अंबा