कोरडा शर्ट

मंगळवार, संध्याकाळ. सेक्टर २२ मधली खोली.

हवामान बदलतंय हे गावोगाव सांगत पुण्याहून सायकलवर इथवर आलो, आणि आज शेवटच्या दिवशी अंबाल्यापुढे उन्हानं चक्कर येऊन पडलो. सोबतची गाडी चालवणाऱ्या मिलिंदनं मला आत झोपवलं, एसी लावला. स्वागताचा कार्यक्रम होता त्या सेक्टर १७ च्या अलीकडे उतरून पुन्हा सायकलवर बसलो. शर्ट कोरडा ठणठणीत!

हार घालताना एक बाई म्हणाल्या, "पूरा रास्ता साइकिल पे, जी?"

"पक्का," म्हणालो. का म्हणालो मी असं? त्यांना शर्ट दिसला नसेल?

नंतर माईक हातात आला. या उन्हात आता माणसाला सायकल चालवता येत नाही, हेच तर सांगायचं होतं. नेमकं तेच लपवलं.