ताईचं एकच वाक्य

हिंगोली, मंगळवार संध्याकाळ, २००३

उद्याचा भाग द्यायचाय आणि पेन हलत नाही.

आमच्या केबलवरचा कार्यक्रम म्हणजे टीव्हीवरच्या दुपारच्या रडक्या गप्पांची टिंगल. बबन लुगडं नेसून 'ताई' होतो. खोटे पाहुणे दुःख सांगतात, ताई म्हणते, "रडा, मनसोक्त रडा!" लोक हसतात. वाक्य माझं.

आज सेनगावकडच्या तांड्यावरची एक बाई ते सगळं खरं समजून ऑफिसात आली. हातात मुलीचा फोटो. पोरगी सासरी जळून मेली. पोलीस ठाण्यात कुणी तक्रार लिहून घेईना.

"ताईला भेटू द्या, सायेब. ती समद्यायचं ऐकते."

बबन समोरच चहा पीत होता, पॅन्टशर्टात. ताईच्या आवाजात म्हणाला, "रडा, मनसोक्त रडा." चेष्टा नव्हती, त्याचे डोळे भरले होते. दुसरं काही त्याला येत नव्हतं. की मी लिहून दिलंच नव्हतं?

बाईनं आवाज ओळखला.

"रडून झालं, ताई. आता काय करू ते सांग."

बबननं माझ्याकडे पाहिलं. शूटिंगमध्ये वाक्य विसरल्यावर पाहतो, तसं.

बाई फोटो ठेवून गेली. "ताईपाशी असू द्या."

तो फोटो इथं, माझ्या कोऱ्या कागदावर आहे.