पायाळू मूल आणि सोमवारची मीटिंग

आई,

मी तुझ्यावर चिडून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. परवा रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टर माझ्याच शाळेतून शिकून गेलेले, त्यामुळे मला बाई म्हणतात आणि हक्काने दटावतातही. त्यांनी विचारलं, मनावर ताण असतो का? मी म्हटलं, कामाचा असतो तेवढाच. त्यावर ते म्हणाले की कामाचा ताण दोन तऱ्हेचा असतो. एक माणसाला चालवतो, दुसरा आतून खातो. तुमचा कुठला? आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारत आले मी, आणि ह्या साध्या प्रश्नावर गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उठले. घरी येताना रिक्षात मला तुझाच राग आला. कारण ह्याचं उत्तर तुला पक्कं ठाऊक होतं. ते तू मला उभ्या आयुष्यात एकदाच सांगितलंस, तेही भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून.

सिन्नरच्या पुढचं ते गाव मला अजून घरासारखं आठवतं. उपकेंद्राच्या दोन खोल्या, एकीत तुझं टेबल आणि बाळंतपणाची खाट, दुसरीत आपण दोघी. दादा, माझे वडील, नाशिकला नोकरीला, ते शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायचे. मी चौथीत होते. मे महिन्यातली दुपार, आणि बैलगाडीतून ती पोर आली. पोरच होती, अठरा-एकोणीस वर्षांची. तिची सासू गाडीमागून चालत आलेली. तू हात लावून पाहिलंस आणि कळलं की मूल पायाकडून येतंय. डॉक्टर त्या दिवशी गावात नव्हते. सिन्नरला न्यायचं तर गाडी नाही, आणि बैलगाडीत ती वाचली नसती. तू पदर खोचलास आणि आत निघालीस, तेवढ्यात सासू दारात आडवी आली. "बाई, तुम्ही कोणच्या?" तिने विचारलं. आपल्या घराला हा प्रश्न नवा नव्हता. तू तिच्याकडे पाहिलंस आणि शांतपणे म्हणालीस, "आत्ता मी नर्स आहे, आजी. बाकीचं पोर झाल्यावर सांगते." आजी बाजूला झाली.

मी आणि ती आजी ओट्यावर बसून होतो. आतून फक्त तुझा आवाज येत होता. जोर नको, थांब, श्वास घे, आता. पुन्हा थांब. ती पोर ओरडत होती, पण तुझा आवाज एकदाही वर चढला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग बाळ रडलं. तू बाहेर आलीस तेव्हा पोलकं घामाने अंगाला चिकटलेलं, केस सुटलेले, हात कोपरापर्यंत धुतलेले. ओट्यावर बसलीस आणि मला म्हणालीस, भूक लागली गं. दोन भाकरी, कांदा आणि वाटीत उरलेला ठेचा, सगळं संपवलंस आणि तिथेच भिंतीला टेकून झोपलीस. चेहरा असा होता की जणू शाळेला सुट्टी लागली. आजी आपल्या घरचं पाणी प्यायली की नाही ते मी पाहिलं नाही, पण जाताना ती तुझ्या पाया पडायला वाकली आणि तू तिला धरून उभं केलंस. मुलगी झाली होती. पायाळू. पुढे गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की त्या एवढ्याशा पोरीला उचलून आणायचे आणि तिचा पाय पाठीला लावायचे. तू हसायचीस, पण अडवायची नाहीस.

आणि मग दोनच वर्षांनी ते आणीबाणीचं वर्ष आलं, आणि माझी आई कुणीतरी बदलून टाकली.

दर सोमवारी तालुक्याला मीटिंग. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला किती माणसं आणली, ते एकेका नर्सने उभं राहून सांगायचं. कोटा भरला नाही तर वरच्या साहेबांची बोलणी. हे मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की शुक्रवारपासून तुझं जेवण सुटतं, आणि रविवारी दादा आलेले असले तरी तू त्यांच्याशी धड बोलत नाहीस. खायचा सोडा पाण्यात ढवळून पीत बसायचीस. तू घातलेली माझी वेणी वाकडी यायची. मी तसं म्हटलं की पाठीत धपाटा. एकदा माझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं तर तू मला इतकं मारलंस की शेजारची बाई धावत आली. बाळंतपणात जिचा आवाज चढला नाही ती दुधासाठी किंचाळत होती. मी बारा वर्षांची. मला वाटलं, मी तुला आवडेनाशी झाले. आई, एवढं तरी सांगायचं होतंस. "तुझं काही चुकलं नाही, माझ्या डोक्याला त्रास आहे," इतकी दोन वाक्यं सांगायला किती वेळ लागला असता?

गावही बदललं. तू गल्लीत शिरलीस की बायका दारं लोटून घ्यायच्या. त्या पायाळू पोरीच्या घरी तू एकदा मला घेऊन गेलीस. पोरीला लस द्यायची राहिली होती, दुसरं काही नव्हतं. तीच आजी दारात उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुमचे लय उपकार हायेत. पण आता आमच्या दारात येऊ नका." तू पिशवी खांद्यावर घेऊन वळलीस. वाटेत मी विचारलं, ती आजी असं का म्हणाली, तर तू म्हणालीस, ऊन फार आहे, पाय उचल.

दिवाळीच्या आधी तुझी बदली झाली. पेठच्या बाजूला, डोंगरात, जिथे एसटी दिवसातून एकदा. सगळे म्हणाले, शिक्षा म्हणून धाडलंय. मला शाळेसाठी दादांकडे नाशिकला ठेवायचं ठरलं. ट्रंक भरताना मी तुला म्हणाले, "तुला काम जमलं नाही म्हणूनच घालवलं ना तुला?" तू साड्यांच्या घड्या घालत होतीस. मान वर केली नाहीस. म्हणालीस, "हो, नाही जमलं." आणि माझा फ्रॉक ट्रंकेत ठेवलास.

त्या उत्तरावर मी आठ वर्षं विश्वास ठेवला, ह्याचाच मला संताप येतो.

मेच्या सुट्टीत मी पेठला यायचे तेव्हा तू पुन्हा पहिल्यासारखी व्हायला लागली होतीस. खरं तर काम तिथे जास्त होतं. पाड्यापाड्यावर पायी फिरायचं, ओढा ओलांडायचा, भाषा अर्धी कळायची. तू दमून यायचीस आणि जेवायचीस, गाढ झोपायचीस. मी दहावीत असताना तुला म्हटलं की इथे तर तुला जास्त त्रास आहे, मग तू बरी कशी दिसतेस? तेव्हा तू ते सांगितलंस, भाकरी तव्यावर टाकता टाकता. "बाळंतीण अडली की भीती वाटतेच. पण त्या भीतीने हात चालतात, कारण करण्यासारखं काहीतरी हातात असतं. मीटिंगच्या भीतीत हातच जातात. तिथे काय केलं तरी चुकतंच." मी म्हटलं, म्हणजे? तू म्हणालीस, काही नाही, लोणचं काढ.

रक्तदाब मात्र त्या सोमवारांनी दिलेला, तो गेला नाही. तू अख्ख्या तालुक्याचा रक्तदाब मोजायचीस. स्वतःच्या दंडाला पट्टा बांधायला तुला सवड नव्हती. गोळ्या तुझ्याच कपाटात असायच्या. दादा म्हणायचे घे, मी म्हणायचे घे. तू म्हणायचीस, मला काय धाड भरलीय. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, सकाळी चहा गाळताना, तुझा उजवा हात लुळा पडला, आणि चौथ्या दिवशी तू गेलीस. मी तेव्हा डी.एड. करत होते. ह्याबद्दलही मी तुला अजून माफ केलेलं नाही.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला सिन्नरकडच्या तुझ्या जोडीच्या नर्सबाई आल्या होत्या. जेवणं झाल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या आणि विचारलं, आईने तुला बदलीचं सांगितलं होतं का? मी म्हटलं, काम जमलं नाही म्हणून. मग त्यांनी सांगितलं. कोट्यातलं एक नाव कमी पडत होतं. गावातल्या एका वजनदार माणसाने तुला सुचवलं की गुरं राखणारा तो भोळा माणूस आहे, त्याला ना बायको ना नातेवाईक, त्याला घेऊन जा, कोण विचारतंय. त्याने अंगठाही दिला होता. तू नाव लिहून घेऊन मीटिंगला गेलीस. तुझी पाळी आली तेव्हा उभी राहिलीस आणि म्हणालीस, "साहेब, हे नाव मी खोडते. ह्या माणसाचं लग्नच झालेलं नाही. त्याला कशावर अंगठा दिला तेही कळलेलं नाही." साहेबांनी तुला मीटिंग संपेपर्यंत उभं ठेवलं. तीन तास. नर्सबाई म्हणाल्या, तुझ्या आईचे हात इतके थरथरत होते की वही खाली पडली, पण नाव तिने खोडलं ते खोडलंच.

मी तिथेच रडले. दुःखाने कमी, रागाने जास्त. तुझ्या लेकीने तुला तोंडावर नालायक म्हटलं आणि तू "हो" म्हणालीस. का? मला त्रास होऊ नये म्हणून? की साहेबांनी इतक्या वेळा सांगितलं की तुलाही ते खरं वाटायला लागलं होतं? मला हे कधीच कळणार नाही, आणि न कळण्याची ही जखम तू दिलेली आहेस.

आता माझं सांगते. मी एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. हल्ली मराठी शाळांत मुलं येत नाहीत. पट कमी झाला की तुकडी बंद आणि शिक्षक बाहेर. म्हणून आम्ही उन्हाळ्यात घरोघर मुलं शोधत फिरतो, आणि मला वर आकडा द्यावा लागतो. गेल्या महिन्यात स्टाफ मीटिंगमध्ये मी एकेकाला उभं करून विचारलं, किती मुलं आणली. एक नवी बाई आहे, येवल्याकडची, वर्गात इतकं छान शिकवते की मी कधीकधी खिडकीशी थांबते. ती म्हणाली, एक. मग हळूच म्हणाली की आणखी दोन नावं मिळत होती, पण ती मुलं दुसऱ्या शाळेत जातात, नुसती कागदावर दाखवायची होती, म्हणून तिने लिहिली नाहीत.

सगळे माझ्याकडे बघत होते. तिच्या हातातला कागद हलत होता. मला तो दिसला, आई. नीट दिसला. तरी मी तिला बस म्हटलं नाही.