हेड्विकाच्या लग्नात लिपा वाजली

ब्रनो

ती. आत्यास,

लुबोरचा कमरेतून जमेल तितका वाकून नमस्कार. (फार जमत नाही. टेबलाखाली रांगून पाठ धरली आहे, कारण पुढे येईलच.) नवीन खुबा काय म्हणतो? आई सांगत होती की तू काठी घेऊन बागेच्या कुंपणापर्यंत जातेस आणि शेजारणीच्या काकड्यांना तिथूनच नावं ठेवतेस. म्हणजे तब्येत रुळावर आली असं मी धरून चालतो. लग्नात सगळ्यांना तुझी उणीव भासली. तुझ्या वाटणीचे गोड कोलाचे पाव बाबांनी खाल्ले, पण अगदी तुझी आठवण काढत काढत. बाकी काय घडलं ते आईने तुला फोनवर ऐकवलं असणार. पण आई मागच्या टेबलावर होती आणि संगणक या वस्तूवरच तिचा राग आहे, तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐक.

आमची लिपा तुला ठाऊक आहे, निदान नावाने. (तू एकदा ती माझी मैत्रीण समजून तिला जेवायला बोलावलं होतंस.) संगणक सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत पडद्यावर, माउसवर, आवाजावर जिचं राज्य चालतं ती मूळ प्रणाली म्हणजे लिपा. जगात हे काम मोठाल्या इमारतींत पगारी माणसांच्या फौजा करतात. ब्रनोत ते मी आणि राडोवान त्याच्या घरच्या मागच्या खोलीत करतो, जिथे पूर्वी सशांचं खाद्य ठेवत. वरून पाहिलं तर त्यात काय आहे? खिडक्या उघडतात, मिटतात, बाण फिरतो. पण प्रत्येक प्रिंटरची, आवाजाच्या प्रत्येक चिपची बोलायची तऱ्हा वेगळी, आणि ती कोणती हे बनवणारे सांगत नाहीत. आपण विचारायचं, त्यांनी गप्प बसायचं, मग आपण अंधारात चाचपडल्यासारखं शोधायचं. शिवाय लिपासाठी कोणी प्रोग्रॅम लिहीत नाही, कारण ती वापरणारी माणसं नाहीत, आणि माणसं नाहीत कारण प्रोग्रॅम नाहीत. मनापासून वापरणारा एक जण पोर्तुगालमध्ये आहे. तो फक्त तक्रारी करतो, पण इतक्या जिव्हाळ्याने की आम्ही त्याला नाताळात कार्ड पाठवतो. आणि आम्ही दोघं म्हणशील तर खिडकी बंद करायची फुली डावीकडे हवी की उजवीकडे, यावरून अख्खा एक हिवाळा एकमेकांशी बोललो नाही. (आता ती दोन्हीकडे आहे.)

अशा राडोवानशी लग्न करताना माझ्या बहिणीने, हेड्विकाने, एकच अट घातली होती: त्या दिवशी लिपाचं नाव निघता कामा नये. राडोवानने मान डोलावली. पण जेवणानंतर दोघांचे लहानपणीचे फोटो पडद्यावर दाखवायचे होते, त्याला संगणक लागणारच, आणि त्याच्या पोटात काय आहे हे कोण बघतंय, असं तो म्हणाला. (मीही म्हणालो, पण त्याच्यानंतर.) सकाळ झकास गेली. दारात शकुनाची ताटली फोडली, नवराबायकोने मिळून तुकडे झाडले, हेड्विका झाडू मारत होती आणि राडोवान सुपली धरून होता, दोघं शोभत होती. मग निरोप आला की वाजंत्र्यांची गाडी हुस्तोपेचे गावाजवळ बंद पडली आहे आणि त्यांचा सिंबालोम, तो टेबलाएवढा तारांचा बाजा, दुसऱ्या कुठल्याही गाडीत मावत नाही. पाहुण्यांची जेवणं झालेली, वाइन पोटात गेलेली, बाबा घाम पुसताहेत. तेव्हा मी उठून म्हणालो की गाणी आपल्याकडेही आहेत.

आत्या, गाणी वाजली. पण चिप ज्या वेगाने आवाज गिळत होती त्यापेक्षा ती जलद गिळते अशी लिपाची समजूत होती, त्यामुळे सगळंच जरा संथ आणि जाड आवाजात यायला लागलं. गायिका सर्दी झालेल्या अलोइसमामासारखी गात होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि बघतो तर म्हातारी मंडळी उठायला लागली होती. दर लग्नात भिंतीला टेकून बसणारी सरपंचांची आई, निवृत्त पोस्टमन, आणि चक्क आपले बाबा. त्या संथ वॉल्ट्झवर सगळ्यांची पावलं पडत होती.

राडोवानला मात्र ते ऐकवेना. लग्नाच्या कोटासकट तो टेबलाखाली शिरला. (त्याला बॅटरी दाखवायला मी.) तेवढ्यात मित्रांनी रिवाजाप्रमाणे नवरीला पळवून शेजारच्या वाइनच्या तळघरात नेलं. आता नवऱ्याने शोधायला निघायचं. मी त्याला सांगितलं, तो म्हणाला आलोच. तळघरातून निरोप आला, तो म्हणाला आलोच. सुरुवातीला लोक हसत होते, मग हसेनासे झाले. राडोवानच्या आईने रुमाल काढला. शेवटी हेड्विका आपल्या पायांनी परत आली, बूट हातात, मागे पळवणारे माना खाली घालून. आणि नेमक्या त्या क्षणी लिपा कोसळली. पडद्यावरचा फोटो गेला आणि भल्या मोठ्या अक्षरांत एक सूचना उमटली, जी मी त्या भांडणाच्या हिवाळ्यात घालून ठेवली होती आणि साफ विसरलो होतो. बाबांना ऐकू कमी येतं, पण दिसतं उत्तम. त्यांनी ती नाचता नाचता थांबून मोठ्याने वाचली: ‘काहीतरी बिघडलं आहे. बहुधा राडोवानमुळे.’

कोणी हसलं नाही. हेड्विकाने टेबलावरचं कापड उचललं.

“मला पळवून नेलं होतं,” ती म्हणाली. “तुला कोणी सांगितलं का?”

“सांगितलं,” राडोवान आतून म्हणाला. “पण आपला पहिला नाच असा रडका नको म्हणून...”

“पहिला नाच तू टेबलाखालून करणार होतास?”

तो बाहेर आला. केसांत कोळिष्टक होतं. ते झटकत म्हणाला, “मी हे सोडून देतो. आजच. अगदी खरं.”

आणि तो खरंच बोलत होता, आत्या. सशांच्या खाद्याची ती खोली, तो पोर्तुगालचा माणूस, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. हेड्विकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मधोमध अडकलेल्या म्हाताऱ्यांकडे. त्यांनी एकमेकांचे हात अजून सोडले नव्हते.

“सोडायचं नंतर बघू,” ती म्हणाली. “आधी ते पुन्हा सुरू कर. आणि वेग आहे तोच ठेव. बाबांना जन्मात पहिल्यांदा ताल सापडलाय.”

लिपा लगेच उठली. (पडते पटकन, पण उठतेही पटकन, एवढं श्रेय आम्हाला द्यावं.) राडोवान आणि हेड्विका नाचली, मग बाबा आणि हेड्विका, आणि आई म्हणते ती रडली नाही, पण मी पाहिलं. वाजंत्री पोचले आणि जलद पोल्का सुरू झाला तेव्हा म्हातारे कुरकुरत जागेवर गेले. लिपाचं काम चालू आहे. फक्त रविवारी मागच्या खोलीला कुलूप असतं, आणि फुली हेड्विकाच्या हुकमाने आता एकाच बाजूला आहे. उजव्या. (मी डावीकडचा होतो.)

खुब्याला जप. कुंपणावरून फार वाकू नकोस.

तुझा,
लुबोर

ता. क. हेड्विकाने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, तळघरात ती मुळीच ताटकळली नव्हती, मजेत होती, आणि परत आली ती पळवणारे झोपी जायला लागले म्हणून. माना खाली त्यामुळे होत्या.

पुन्हा ता. क. खरं काम राहिलंच. सरपंचांच्या आईने गावातल्या निवृत्त मंडळींच्या नाचासाठी ‘ते संथ यंत्र’ मागितलं आहे. लिपाकडे स्वतःहून काही मागणारं हे पहिलंच माणूस. पण राडोवानने मधुचंद्रात बसून तो दोष दुरुस्त केला, आणि आता तोच मुद्दाम परत आणायचा तर योग्य वेग किती हे आमच्या पायांना कळत नाही. नवा खुबा असलेल्या कोणीतरी नाचून बघायला हवं. डॉक्टरांना विचारून ठेव. ते ‘फार जलद होईल’ म्हणाले तर आम्ही आणखी संथ करू. तेवढं आम्हाला, देवाच्या कृपेने, प्रयत्न न करताही जमतं.